ताऱ्याभोवतीची धूळ बघायला वेबचं मिरी की चिलीतलं मॅटिस?

"सर, फोटो कुणाचा चांगला येतो?" साताऱ्यातली एम.एस्सी. भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी गेल्या आठवड्यात हा प्रश्न घेऊन घरी आली. चार महिन्यांचा प्रकल्प, विषय ताऱ्यांभोवतीची धूळ, हाताशी साधा लॅपटॉप. डोळ्यांना न दिसणाऱ्या मध्य-अवरक्त प्रकाशातली निरीक्षणं घ्यायची हे ठरलेलं होतं, कारण कोमट धूळ त्याच प्रकाशात उजळते. अडलं होतं ते जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीवरचं मिरी हे उपकरण घ्यावं की चिलीतल्या पारानाल डोंगरावरचं मॅटिस, इथे. दोन्हींचा डेटा ठरावीक मुदतीनंतर कुणालाही फुकट उतरवता येतो. त्यामुळे प्रश्न पैशांचा नाही, काय बघायचंय याचा आहे.

बारकाव्यात मॅटिस फार पुढे आहे. वेबचा आरसा ६.५ मीटरचा. मॅटिस पारानालवरच्या ८.२ मीटरच्या चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणतं, आणि मग बारकावा आरशावर नाही, दुर्बिणींमधल्या अंतरावर ठरतो. सर्वांत लांबच्या जोडीत ते १३० मीटर भरतं, म्हणजे वीसपट. अजिंक्यताऱ्यावरून रात्री हायवे बघा. ट्रकचे दोन दिवे साधारण पाच किलोमीटरपर्यंत वेगळे दिसतात, पुढे एकच ठिपका. हिशेबाने १० मायक्रॉन तरंगलांबीला वेबसाठी हेच अंतर हजार किलोमीटर येतं, मॅटिससाठी वीस हजार. मृग नक्षत्रातल्या तांबूस काक्षी ताऱ्याची तबकडी सुमारे ०.०४ आर्कसेकंदाची आहे (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग). वेबला ०.३ आर्कसेकंदाखालचं वेगळं करता येत नाही, म्हणून त्याला काक्षी नुसता ठिपका, शिवाय झेपणार नाही इतका प्रखर. मॅटिस मात्र ती तबकडी मोजू शकतं.

अंधुक वस्तू असेल तर मात्र मॅटिसचा विचारच सोडा. १० मायक्रॉनला हवा, डोंगर, दुर्बिणीचे आरसे, आपलं शरीर, सगळंच चमकतं. भर दुपारी चांदण्या शोधण्यासारखं आहे ते. मिरी अवकाशात आहे आणि ७ केल्व्हिनच्याही खाली थंड ठेवलेलं आहे. दूरच्या दीर्घिका आणि पसरलेले तेजोमेघ त्याचेच. शिवाय ते २८ मायक्रॉनपर्यंत जातं, मॅटिस १३ला थांबतं.

आता फोटोचं. मिरीची चित्रं संग्रहातून बरीचशी तयारच मिळतात. मॅटिस फोटो काढतच नाही. चार दुर्बिणींच्या सहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी फक्त व्यतिकरणाचे पट्टे, म्हणजे दोन प्रकाशलहरी मिसळून उमटणारे उजळ-काळे पट्टे देते: किती ठळक, किती सरकलेले. सरकण्यात वातावरणाची लुडबुड असते, पण तीन दुर्बिणींचा त्रिकोण घेऊन तिन्ही बाजूंची सरक बेरजेला घातली की ती लुडबुड आपोआप कटते. यालाच क्लोजर फेज म्हणतात, आणि मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. २००२ साली पारानालवर सुरू झालेलं मिडी हे आधीचं उपकरण एका वेळी दोनच दुर्बिणी जोडायचं, त्यामुळे त्रिकोण नाही, म्हणून चित्रही नाही. मॅटिसने चार जोडल्या आणि २०२२ मध्ये ४.७ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम७७ दीर्घिकेच्या गाभ्यातलं, कृष्णविवराला झाकणारं धुळीचं जाड कडं दाखवलं.

मात्र मोजक्या मापांतून चित्र उभं करताना मधल्या रिकाम्या जागा संगणक आपल्या गृहीतकांनी भरतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात एका ताऱ्याभोवती सुरेख कडं उमटलं होतं. महिनाभर मी ते खरं धरून चाललो. मग गुळगुळीतपणाची अट जरा सैल केली, तर कड्याचे दोन गोळे झाले. माप तेच, चित्र वेगळं. तेव्हापासून मी चित्राआधी मापांवर एखादं साधं मॉडेल, जसं नुसतं कडं, बसवायला सांगतो.

म्हणून आधी वस्तूची तेजस्विता तपासा, मग तिचा आकार, फोटोचा विचार शेवटी. तेजस्वी पण चिमुकली असेल तर मॅटिस, बाकी बहुतेक ठिकाणी मिरी. लॅपटॉप जुना असेल तर मॅटिसची एक सोयही आहे: कॅलिब्रेट केलेल्या फाइली छोट्या असतात. मिरीचा कच्चा डेटा मात्र पाहता पाहता कित्येक जीबी होतो.

तिने निवडलेला तारा तरुण, तेजस्वी आणि धुळीच्या तबकडीचा होता. तिने मॅटिस घेतलं. काल रात्री तिचा पहिला आलेख आला: सहा जोड्या, सहा वक्र. सर्वांत लांबच्या जोडीचे पट्टे जवळजवळ पुसले गेले होते, म्हणजे तबकडी त्या जोडीला ठिपका वाटत नाही, पसरलेली दिसते. आता ती कड्याचा व्यास बसवते आहे.