सेसना ग्रँड कॅराव्हॅन ईएक्स : खुर्च्या नऊ, हिशेब किलोंचा

छोट्या चार्टर कंपन्या या विमानाकडे वळतात, ते केबिनसाठी नाही. एकच टर्बाइन इंजिन, आत न मिटणारी चाकं, वरच्या बाजूला पंख. बिघडण्यासारखे भागच कमी. मूळ कॅराव्हॅन, म्हणजे मॉडेल २०८, पहिल्यांदा उडालं १९८२ मध्ये, प्रमाणपत्र मिळालं १९८४ मध्ये. फेडरल एक्सप्रेससारखं गिऱ्हाईक सुरुवातीलाच लाभल्याने ते पार्सलांवर पोसलं गेलं आणि प्रवासी नंतर आले, हे आत बसल्यावर कळतं. लांबी वाढवलेलं २०८बी म्हणजे ग्रँड कॅराव्हॅन. ईएक्समध्ये ६७५ ऐवजी ८६७ अश्वशक्तीचं पीटी६ए-१४० इंजिन आहे. उन्हाळ्यात किंवा उंचावरच्या धावपट्टीवर हा फरक थेट जाणवतो.

विक्रेता खुर्च्या मोजून दाखवतो, तुम्ही किलो मोजा. कंपनीच्या आकड्यांनुसार उपयुक्त भार (इंधन, वैमानिक, प्रवासी, सामान सगळं मिळून) साधारण १,६०० किलो आणि भरलेल्या टाक्यांचं वजन सुमारे १,०२० किलो. दोन वैमानिकांचे १७० किलो वजा केले की उरतात ४१० किलो, म्हणजे सामानासकट चारच प्रवासी. आठ जण न्यायचे तर इंधन ६५० किलोंपर्यंत आणावं लागतं. तासाला १८० किलो खप धरला, राखीव इंधन बाजूला ठेवलं, तर पावणेतीन तासांची उड्डाणं जमतात. त्यात एसी, बर्फरोधक यंत्रणा, पोटाखालची सामानाची पेटी हे सगळं याच भारातून कापलं जातं. म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका. नेमक्या त्याच विमानाचा वजनाचा ताजा दाखला मागा.

सगळ्यात महागात पडते ती चुकीची स्टार्टिंग. जुन्या, ६७५ अश्वशक्तीच्या ११४ए इंजिनात गॅस जनरेटरचा (इंजिनाचा हवा दाबून जाळणारा फिरता भाग) वेग १२ टक्क्यांवर स्थिर झाल्याशिवाय इंधन सोडायचं नसतं. बॅटरी २४ व्होल्टच्या खाली असेल तर वेग चढत नाही, हवा कमी पडते आणि इंजिनातलं तापमान उसळतं. मर्यादा आहे १,०९० अंश सेल्सियस, तीही फक्त दोन सेकंद. ती ओलांडली की टर्बाइनची पाती तपासायला इंजिन उघडावं लागतं. दूरच्या धावपट्टीवर ग्राउंड पॉवरची गाडी नसते, तेव्हा तर बॅटरी आधी बघा.

सामान चढवताना शेपटीखाली टेकू लावायलाच हवा. मागच्या दारातून आधी प्रवासी किंवा जड खोकी आत गेली की विमान शेपटीवर बसतं. टेकू उड्डाणाआधी काढायचा राहून जाणं हीही नेहमीची चूक. दोन्ही टाक्यांतून इंधन सारखं उतरत नाही. फरक २०० पौंडांच्या आत ठेवायचा, त्यासाठी काटा वारंवार बघावा लागतो. खडीच्या पट्टीवर जागेवर उभं राहून पूर्ण पॉवर दिली तर प्रोपेलर खडे ओढून घेतो, म्हणून चालत्या विमानातच पॉवर हळूहळू वाढवतात. धुळीत इनर्शियल सेपरेटर, म्हणजे हवेतली धूळ-खडे इंजिनाबाहेर वळवणारी झडप, बायपासवर. त्यात थोडा टॉर्क (इंजिनाचा जोर) जातो, तेवढा जाऊ द्या.

बर्फ ही याची खरी कमजोरी. रबरी बूट (पंखाच्या कडेला फुगून बर्फ फोडणारं आवरण) असलेल्या विमानांना बर्फाळ ढगात फ्लॅप (पंखामागच्या खाली सोडता येणाऱ्या पट्ट्या) वर असताना १२० नॉटच्या खाली यायची मुभा नाही, आणि ती अट अपघातांनंतर आली. पंखातून द्रव पाझरणारी टीकेएस यंत्रणा जास्त बरी, पण द्रव संपला की संरक्षणही संपतं.

केबिनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आवाज भरपूर, हवेचा दाब राखलेला नाही, त्यामुळे डोंगरांवरून उंच जायचं तर ऑक्सिजन लागतो. डोंगराळ मार्गच जास्त असतील तर केबिनमध्ये हवेचा दाब राखणारं पिलाटसचं पीसी-१२ बघा. छोट्या कच्च्या पट्ट्या आणि दोन तासांच्या आतली उड्डाणं असतील, तर कॅराव्हॅनला तोड नाही.

वापरलेलं घेताना रंगरंगोटीवर जाऊ नका. इंजिनच्या ट्रेंडच्या नोंदी, म्हणजे वेळोवेळी टिपलेले आकडे, मागा. तेवढ्याच टॉर्कला तापमान आणि इंधनखप चढत गेलेला दिसला तर कॉम्प्रेसर (हवा दाबणारा भाग) मळलेला असतो किंवा हॉट सेक्शन (इंधन जळतं तो भाग आणि टर्बाइन) झिजलेला. आधी कॉम्प्रेसर धुऊन पुन्हा आकडे घ्यायला लावा. धुतल्यावरही ते खाली आले नाहीत, तर हॉट सेक्शनचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोला.