‘शक्ती’ची पहिली एलपी आणि चोवीस वर्षांचे झाकीरभाई

जुन्या ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या एका दुकानातून मी गेल्या महिन्यात ‘शक्ती’ या वाद्यमेळाची ‘शक्ती विथ जॉन मॅक्लॉग्लिन’ ही एलपी दोन हजार आठशे रुपयांना विकत घेतली. कोलंबिया कंपनीने ती 1976 साली काढली. तिच्यावरचा कार्यक्रम मात्र त्याच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे 5 जुलै 1975 रोजी न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या साउथहॅम्प्टन कॉलेजात झालेला आहे. वाजवणारे पाच जण आहेत: गिटारवर जॉन मॅक्लॉग्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटम (म्हणजे वाद्य म्हणून वाजवायचे मातीचे मडके) आणि मृदंगम् वाजवणारे टी. एच. विनायकराम, आणि मृदंगम्‌वर आर. राघवन. ध्वनिमुद्रिकेच्या नावात एकट्या मॅक्लॉग्लिनचा उल्लेख आहे, बहुधा अमेरिकेतल्या रेकॉर्डविक्रेत्यांना तेव्हा तेवढेच नाव ओळखीचे असावे. बाकीचे चौघे ‘शक्ती’ या शब्दात सामावले आहेत.

झाकीरभाईंच्या कारकिर्दीची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा ‘तबला पश्चिमेला नेला’ या एका वाक्यात सांगितली जाते. ही एलपी तीनचार वेळा लक्षपूर्वक ऐकल्यावर मला ते वाक्य अपुरे वाटू लागले आहे. तबला पश्चिमेत त्यांच्या आधीच पोहोचला होता. त्यांचे वडील आणि गुरू उस्ताद अल्लारखाँ 1967 साली मॉन्टेरीच्या महोत्सवात आणि 1969 साली वुडस्टॉकला पंडित रविशंकर यांच्या साथीला बसले होते, आणि 1968 मध्ये त्यांनी जॅझ ड्रमवादक बडी रिच यांच्याबरोबर स्वतंत्र ध्वनिमुद्रिकाही केली होती. या एलपीवर जे खरोखर नवे घडते, ते तबला आणि गिटार यांच्यात नसून तबला आणि घटम यांच्यात घडते. माहीममध्ये वाढलेल्या, पंजाब घराण्याची तालीम घेतलेल्या चोवीस वर्षांच्या तबलजीला तमिळ देशातल्या मडक्याशी बोलण्यासाठी लाँग आयलंडपर्यंत जावे लागले, यातली गंमत मला गिटारपेक्षा अधिक आकर्षक वाटते.

ही गंमत नेमकी कशात आहे, हे थोडे तपशिलात सांगतो. घटमला तबल्यासारखी चामड्याची पुडी नसते, तिच्यावरचा शाईचा काळा लेप नसतो आणि सुरात मिळवण्यासाठी ठोकायला लाकडी गठ्ठेही नसतात. भट्टीतून ज्या सुराचे मडके बाहेर येते तोच त्याचा सूर, आणि खर्ज हवा असेल तर वादक मडक्याचे तोंड पोटाशी कमीअधिक दाबून तो काढतो. तबल्याचा उजवा मात्र चाटीवर (म्हणजे किनारीवर), लवेवर (किनार आणि शाई यांच्यामधल्या भागावर) आणि शाईवर तीन निराळ्या तऱ्हांनी बोलतो, आणि डग्ग्यावर, म्हणजे डाव्यावर, मनगट सरकवले की मींड येते, म्हणजे सूर घसरत जातो. ही दोन वाद्ये समोरासमोर बसली की तबलजीपुढे सोपा मोह असतो: आपल्याकडे रंग अधिक आहेत, तेव्हा ते सगळे उधळावेत. झाकीरभाई तसे करत नाहीत. देवाणघेवाण सुरू झाली की ते डग्गा जवळजवळ मागे घेतात आणि किनारीवरचे कोरडे, टणत्कारी बोल निवडतात, म्हणजे तबला मडक्याच्या जवळ जातो आणि कान फक्त गणितावर राहतो.

हे गणितही दोन्हीकडचे वेगळे आहे. आपल्याकडची साधी दमदार तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे, घ्या. पाच मात्रांचा तुकडा तीन वेळा आणि मध्ये एकेक मात्रेचा दम (विराम), अशा सतरा मात्रा होतात. ती सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, उचलली की शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर पडतो. कर्नाटक पद्धतीत ‘तदिगिणतोम’ हा पाच अक्षरांचा तुकडा असाच तीनदा येतो, पण ‘कोर्वै’त, म्हणजे तिथल्या समाप्तीच्या आखीव रचनेत, त्याच्या आधी एक बांधलेला भाग असतो. त्यात अनेकदा तुकडे क्रमाने आखडत जातात, गाईच्या शेपटीसारखे, म्हणून त्याला गोपुच्छ यती म्हणतात. ही संज्ञा आपल्याही तालशास्त्रात आहे, पण आपण ती बहुधा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहितो आणि दक्षिणेतले वादक ती रोज वाजवतात. या मुद्रिकेवर झाकीरभाई विनायकराम यांचा आखडता तुकडा उचलतात, तबल्याच्या बोलांत बसवतात आणि समेवर येताना पुन्हा पंजाबची दणकट तिहाई ठेवतात. पुढे आयुष्यभर ते आफ्रिकेच्या ढोलवाल्यांशी, लॅटिन काँगावादकांशी आणि अमेरिकी बँजोशी जे बोलले, त्याची रीत मला इथेच ठरलेली दिसते: आधी समोरच्याची भाषा स्वतःच्या बोलांत म्हणून पाहायची आणि मग उत्तर द्यायचे.

पहिल्या बाजूवर ‘जॉय’ आणि ‘लोटस फीट’ अशा दोन रचना आहेत. अठरा मिनिटांच्या ‘जॉय’चा वेग छाती दडपवणारा आहे. गिटार आणि व्हायोलिन एकत्र धावतात, मग सवालजवाब होतात, आणि ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा सापडत नाही. मॅक्लॉग्लिनच्या गिटारच्या पट्टीवर पडद्यांमधली लाकडे खोल कोरलेली असल्यामुळे तार दाबून ओढता येते आणि थोडीबहुत मींड निघते. शिवाय मुख्य तारांखालून तिरक्या गेलेल्या तरफा (न छेडता आपोआप गुंजणाऱ्या तारा) झणकारतात. तरीही माझे प्रामाणिक मत असे की इथे वेगाचा सोस आहे. टाळ्या पडतात त्या बहुतेक वेळा वेगाला पडतात, आणि तरुण झाकीरभाईंनाही त्या हव्याहव्याशा वाटत असाव्यात, असे एकदोन ठिकाणी स्पष्ट जाणवते.

‘लोटस फीट’ पाच मिनिटांचीही नाही, आणि माझ्या दृष्टीने या एलपीचे मोल तिथे आहे. संथ चाल, खाली अखंड षड्ज, आणि तबला इतका हलका की तो आहे हे काही वेळाने कळते. एकल तबल्यात नाव काढणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या सुराला धक्का न लावता ठेका जिवंत ठेवणे ही साथीची विद्या आहे आणि ती गाण्याबजावण्याच्या घरात लहानपणापासून बसल्याशिवाय येत नाही. चहाच्या जाहिरातीतल्या उडत्या केसांमुळे ज्यांना झाकीर हुसेन माहीत झाले, त्यांनी सुई थेट इथे ठेवावी.

दुसऱ्या बाजूवर एकच रचना आहे. तिचे नाव इतके लांब आहे की मराठी वाचकाला सगळे सांगण्याची गरज नाही. प्रभूच्या चरणांशी नाचतो आहे, मला आणखी कशाची गरज, असा त्याचा आशय. ती एकोणतीस मिनिटे चालते. मधला भाग, विशेषतः गिटारची लांबलेली आवर्तने, मला सैल वाटला. संपादनाची कात्री चालवली असती तर बिघडले नसते.

याच बाजूचा तांत्रिक दोषही सांगायला हवा. एलपीच्या एका बाजूवर एकोणतीस मिनिटे बसवायची तर चर, म्हणजे सुई फिरते त्या खाचा, एकमेकांच्या अगदी जवळ कोरावे लागतात, आणि त्यासाठी एकूण आवाज व खर्ज दोन्ही आवरते घ्यावे लागतात. त्याची किंमत डग्ग्याने मोजली आहे. उजवा लख्ख ऐकू येतो, त्याची आस कानात राहते, पण डग्ग्याचा घुमारा पातळ होऊन पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा भासतो. सीडीवर किंवा मोबाइलवरच्या संगीतसेवेवर ऐकताना ही चराची अडचण उरत नाही, त्यामुळे केवळ तबला ऐकायचा असेल तर एवढे पैसे एलपीवर खर्च करा असे मी म्हणणार नाही. माझ्या प्रतीबद्दल आणखी एक तक्रार आहे. दुकानदाराने ‘जवळजवळ नवी’ म्हणून दिलेल्या या प्रतीच्या दुसऱ्या बाजूवर सहाव्या मिनिटाच्या सुमारास एक आडवा चरा आहे, आणि तिथे पाऊण मिनिट दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो. तो तालात पडत नाही, हे अधिक त्रासदायक. जुनी एलपी घेताना ती दिव्याखाली तिरकी धरून न पाहण्याचे सौजन्य दुकानदाराला दाखवू नये.

या मुद्रिकेनंतर ‘शक्ती’ने आणखी दोन एलपी केल्या आणि 1978 च्या सुमारास मंडळी पांगली. कारकिर्दीचा पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकी ड्रमवादक मिकी हार्ट यांच्याबरोबरच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीताच्या विभागातले पहिलेच ग्रॅमी मिळाले, तिथेही विनायकराम सोबत होते. 2009 मध्ये दुसरे ग्रॅमी आले, 2023 मध्ये पद्मविभूषण, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी. त्या तिनांपैकी एक ‘शक्ती’च्याच ‘धिस मोमेंट’साठी होते. त्यात चेंबूरमध्ये वाढलेले शंकर महादेवन गातात आणि कंजिरा (लहान डफ) वाजवणारे सेल्वागणेश हे विनायकराम यांचे चिरंजीव आहेत. त्याच वर्षी 15 डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरभाई गेले.

दोन्ही मुद्रिका एकामागून एक लावून पाहिल्या. ‘धिस मोमेंट’मध्ये ध्वनिमुद्रण निर्दोष आहे, डग्गा भरदार आहे, आणि सत्तरी ओलांडलेला वादक कुठेही घाई करत नाही. पण सगळे इतके घासूनपुसून ठेवले आहे की समेवर कुणी चुकेल की काय, अशी भीती वाटत नाही. 1975 च्या एलपीवर ती वाटते. एका ठिकाणी घटमने टाकलेल्या तुकड्यानंतर तबला क्षणभर थांबतो. तो दम ठरवून घेतलेला आहे की झाकीरभाई खरेच मात्रा मोजत आहेत, हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि त्या जागेसाठी मी चऱ्याची टकटक सहन करून ती बाजू पुन्हापुन्हा लावतो आहे.

नव्याने ऐकणाऱ्यांना एकच व्यावहारिक सूचना करतो. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर किंवा मोबाइलच्या स्वतःच्या आवाजावर हे ऐकू नका. आधीच पातळ असलेला डग्गा तिथे पूर्ण नाहीसा होतो आणि उरलेला उजवा नुसता टिपऱ्यांसारखा वाजतो. बरे हेडफोन असतील तर ते लावा, आणि सुरुवात ‘लोटस फीट’पासून करा, ‘जॉय’ नंतर ऐका.