पंधरा महिन्यांनंतर: परदेशातल्या आयबी बोर्डिंगचा अनुभव

राहुरीत सेमी-इंग्लिशमधून दहावी केली आणि गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन बॅगा घेऊन युरोपातल्या या निवासी कॉलेजात आले. अकरावी-बारावीच्या जागी इथे दोन वर्षांचा आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, डिप्लोमा असतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही आहेत आणि मे महिन्यापर्यंत मला इथेच राहायचंय.

आत्या अजून विचारते, "अगं, असलं कॉलेज आपल्या पौडजवळ आहे की, मग एवढ्या लांब कशाला?" बरोबर आहे तिचं. मुळशी तालुक्यात १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. अशा युनायटेड वर्ल्ड कॉलेजांची चळवळ सुरू झाली १९६२ साली, वेल्समधल्या एका किल्ल्यात. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची कल्पना अशी, की शीतयुद्धात एकमेकांकडे संशयाने बघणाऱ्या देशांची सोळा-अठरा वर्षांची पोरं एका छपराखाली राहिली, तर त्यांना एकमेकांचा द्वेष करणं अवघड जाईल. आमच्या कॉलेजचं त्या चळवळीशी काही नातं नाही, पण घाट तोच. मला अर्धी शिष्यवृत्ती इथे मिळाली म्हणून मी इथे, एवढं साधं उत्तर आहे.

आता अभ्यास. सहा विषय घ्यायचे, त्यातले तीन वरच्या पातळीचे. प्रत्येक विषयाला ७ गुण म्हणजे ४२. 'थिअरी ऑफ नॉलेज'चा (आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून, याचा विचार करायचा विषय) निबंध आणि ४,००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतः निवडलेल्या विषयावरचा शोधनिबंध (आम्ही त्याला ईई म्हणतो), मिळून आणखी ३. एकूण ४५, आणि पास व्हायला किमान २४. दहावीत ९४ टक्के घेऊन आलेल्या मला पहिल्या इतिहासाच्या निबंधाला ७ पैकी ३ मिळाले. सगळे मुद्दे बरोबर होते. बाईंनी खाली लिहिलं होतं, 'हे कोणाचं मत?' मत द्यायचं असतं हेच मला माहीत नव्हतं! मुद्दे क्रमाने लिहून त्यांच्याखाली पट्टीने रेघ मारायची सवय मोडायला सहा महिने लागले. गणितात उलटं झालं. ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर परीक्षेतसुद्धा चालतो, आणि मी आपली कागदावर आकडेमोड करत मागे पडत होते. तो कॅल्क्युलेटर महाग असतो. नवा घेऊ नका, पास होऊन जाणाऱ्या सीनियरकडून घ्या.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जाहिरातीच्या पत्रकात शोधूनही सापडली नसती. पहिल्या भाषेचा शिक्षक कॉलेजात नसेल, तर ती भाषा स्वतःची स्वतः अभ्यासता येते. मी मराठी घेतली. वर्षभर आधी परवानगी मागावी लागली. नऊ साहित्यकृती वाचायच्या, त्यातल्या काही अनुवादित. देखरेखीला असलेल्या सरांना मराठीचा एक शब्द येत नाही. ते फक्त विचारत राहतात, "इथे लेखिकेने वाक्य अर्धवट का सोडलं?" आणि मला ते इंग्रजीत समजावून सांगावं लागतं. शाळेत मी मराठीचा धडा असा कधीच वाचला नव्हता. बाकीचे विषय इंग्रजीतून होतात, त्यामुळे गुण नीट पडले तर द्विभाषिक डिप्लोमा मिळेल. तो मिळेल तेव्हा मिळेल.

खोलीत आम्ही चौघी. एक बोलिव्हियाची, एक कझाकस्तानची, एक इथलीच. पहिल्या आठवड्यात सगळं छान छान होतं. दुसऱ्यापासून खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून अबोला. जगातल्या मोठ्या प्रश्नांवर आमचं भांडण फारसं होत नाही, हीटरवरून होतं. जेवणात बटाटा आणि पाव मुबलक. एकदा रात्री अकराला सामायिक स्वयंपाकघरात मी लसणाची फोडणी केली, धुराचा अलार्म वाजला आणि अख्खं वसतिगृह रात्रीच्या कपड्यांत थंडीत मैदानावर उभं राहिलं. तेव्हापासून मेतकूट-भातावर भागवते. मेतकूट आणा, बॅगेत जागा करून आणा.

माझी खरी तक्रार दोन गोष्टींबद्दल. नाताळात वसतिगृह तीन आठवडे पूर्ण बंद होतं, हे प्रवेशाच्या वेळी कोणी ठळकपणे सांगितलं नव्हतं. जवळपासची मुलं घरी जातात. आमच्यासारख्यांनी तिकीट काढायचं, नाहीतर कोणाच्या तरी घरी पाहुणं राहायचं. गेल्या वर्षी मी मैत्रिणीच्या आजीकडे राहिले. आजी प्रेमळ होती, पण तीन आठवडे म्हणजे फार होतात. शिष्यवृत्तीतून हा खर्च निघत नाही. व्हिसा, विमा आणि जाड कोट यांचाही नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्यामुळे हे आकडे मला पाठ आहेत.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. पहिलं वर्ष जत्रेसारखं जातं. बुधवारी वृद्धाश्रमात पत्ते खेळायला जाणं, नाटक, डोंगर चढणं, आणि हे सगळं डिप्लोम्याच्या अटीतच बसतं. दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात मात्र सगळं एकदम अंगावर येतं. ईईचा मसुदा, प्रत्येक विषयाचा प्रकल्प आणि वर विद्यापीठांचे अर्ज. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलची मुदत १५ ऑक्टोबर, अमेरिकेतल्या बऱ्याच ठिकाणी लवकरच्या फेरीची १ नोव्हेंबर. ईईचं काम पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात उरकून ठेवा असं सगळे सीनियर सांगतात, आणि कोणी ऐकत नाही. मीही ऐकलं नाही.

माझा ईई प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यावर आहे. १९५०-५१ च्या हंगामात तिथे पहिलं गाळप झालं. कारखाना उभा करणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ही नावं मला शाळेपासून माहीत होती, 'सहकाराचे महत्त्व' म्हणून पाच मुद्देही पाठ होते. पण ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कारखाना पाहिला नाही त्याने शेअरला पैसे का दिले, असं ईईच्या सरांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता बाबा रविवारी कारखान्याजवळच्या लोणीला जाऊन जुन्या पुस्तकांच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. फोटोत त्यांचा अंगठा येतो. ३,२०० शब्द झालेत.

भारतात परत यायचं असेल तर आधीच नीट बघा. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज हा डिप्लोमा बारावीशी समकक्ष मानते, तो प्रश्न नाही. पण निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि तोवर बऱ्याच ठिकाणचे प्रवेश पुढे गेलेले असतात. जेईई-नीटचा अभ्यास इथे वेगळा करावा लागतो आणि तेवढा वेळ हाताशी उरत नाही. शिवाय महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून झालेली लागते. माझ्या धाकट्या बहिणीला डॉक्टर व्हायचंय. माझे फोटो बघून तिलाही इकडे यायची हौस आलीये. तिला मी फोनवर स्पष्ट सांगितलं, तू अकरावीला राहुरीतच बस. ती दोन दिवस बोलली नाही.