रिलोकेशन सेवेचा अनुभव: रांग वाचली, टपाल हुकलं (पाचपैकी साडेतीन)

2025 च्या मार्चमध्ये आम्ही पुण्याहून जर्मनीतल्या स्टुटगार्टला आलो. मी, नवरा आणि सहा वर्षांची लेक. नोकरी माझी, घराचा करारही माझ्याच नावावर. कंपनीनं नव्या देशात बस्तान बसवायला मदत करणाऱ्या एका रिलोकेशन एजन्सीचं तीस दिवसांचं पॅकेज देऊ केलं, निम्मे पैसे त्यांचे, निम्मे आमचे. आमच्या वाट्याला साडेचारशे युरो आले. डिपॉझिट आणि पलंग-गाद्या घेऊन झाल्यावर ही रक्कम जड होती, म्हणून पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाही ते नीट सांगते.

आधी चांगलं. इथे राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. त्याशिवाय पुढचं पानच उलटत नाही. सोबत घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. नोंदणी कार्यालयात आम्हाला वेळ मिळाली होती, तिच्या आदल्या संध्याकाळी एजन्सीच्या बाई घरी आल्या आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सगळे कागद मांडून एकेक तपासू लागल्या. मालकाच्या फॉर्मवर सही होती, पण राहायला आल्याची तारीख कोरी होती. माझ्या नजरेतून ती सुटली होती. बाईंनी तिथूनच मालकाला फोन लावला आणि रात्री नऊला तो येऊन तारीख घालून गेला. नाहीतर आमची वेळ वाया गेली असती आणि पुढची कधी मिळाली असती देव जाणे.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर आमच्या नावांचा घोळ झाला. पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव त्याच रकान्यात आहे, लेकीच्या नावापुढे तिच्या बाबांचं. तिथल्या बाईंना वाटलं, मुलीला मुलाचं नाव कसं? आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, हे आमच्यासोबतच्या बाईंनी दोन वाक्यांत समजावलं. धर्माचा रकाना कशासाठी तेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: नोंदणीकृत चर्चच्या सभासदांना चर्च-कर पडतो, या राज्यात तो आयकराच्या 8 टक्के आहे. आम्हाला तो लागू नव्हता. वीस मिनिटांत तिघांची नोंदणी हातात. तेवढ्यासाठी मी त्यांचे आभार कितीही मानले तरी कमीच.

आता तक्रार. नोंदणी झाली की बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयाकडून प्रत्येकाचा अकरा आकडी कर-क्रमांक येतो, लहान मुलांचासुद्धा. तो टपालानंच येतो, ईमेलवर देत नाहीत. माझं पत्र तीन आठवड्यांत आलं. नवऱ्याचं आणि लेकीचं आलंच नाही. मी रोज कामावरून आल्या आल्या पेटी उघडायची, आत पिझ्झाची जाहिरात. मे उजाडला तेव्हा शेजारच्या काकूंनी पेटीवर बोट ठेवून विचारलं, "इथे तुमचं एकच आडनाव आहे, बाकीच्यांचं कुठाय?"

लग्नानंतर मी आडनाव बदललेलं नाही. करार माझा, म्हणून मालकानं पेटीवर फक्त माझं आडनाव लावलं होतं. नवऱ्याचं आणि लेकीचं आडनाव वेगळं. इथे घर नंबरापेक्षा पेटीवरच्या नावावरून टपाल टाकतात; नाव नाही, म्हणजे तो माणूस तिथे राहत नाही, पत्र परत. त्याच संध्याकाळी जाड पांढऱ्या कागदावर दोन्ही आडनावं लिहून पारदर्शक चिकटपट्टीनं पेटीला आणि खालच्या बेलला लावली. मग ऑनलाइन फॉर्म भरून दोन्ही क्रमांक पुन्हा मागवले, ते पुन्हा टपालानंच.

यात खरं नुकसान किंडरगेल्डचं व्हायचं होतं. मुलांसाठी सरकार तेव्हा महिना 255 युरो देत होतं आणि अर्जात लेकीचा कर-क्रमांक लागतो. मागचे पैसे अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांपर्यंतचेच मिळतात. जूनच्या शेवटी पत्रं आली, अर्ज गेला आणि पैसे बुडाले नाहीत. पण ते तीन महिने घरखर्चाची जी ओढाताण झाली ती आम्हालाच माहीत. एजन्सीला लिहिलं तर उत्तर आलं, पॅकेजची मुदत संपली, नव्या कामाचे तासाप्रमाणे पैसे पडतील. हे मला मनापासून लागलं. पासपोर्टच्या प्रती पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे होत्या. एकाच घरात दोन आडनावं आहेत हे त्यांना दिसत होतं.

रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीबद्दल मात्र त्यांनी वेळेत सावध केलं होतं. ती माणशी नसते, घरामागे असते, महिना 18.36 युरो. नवऱ्यालाही वेगळं पत्र आलं तेव्हा घाबरलो नाही. माझा वर्गणी-क्रमांक कळवला आणि विषय मिटला.

मग ही सेवा घ्यावी का? जर्मन येत नसेल आणि सोबत लहान मूल असेल तर नोंदणीपुरती जरूर घ्या. ड्रायव्हिंग लायसन्सचं वेगळं पॅकेज मी घेतलं नाही. आपलं लायसन्स इथे सहा महिने चालतं, नंतर लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात, त्या कोणी आपल्या वतीनं देत नाही.

माझी मावसबहीण ऑक्टोबरमध्ये म्युनिकला येतेय, तिनंही माहेरचंच आडनाव ठेवलंय. चिकटपट्टी बॅगेत टाक, असं तिला आत्ताच सांगून ठेवलंय.