दांडिया बाजारातला स्पोकन इंग्लिश वर्ग: उच्चारांसाठी जरूर लावा

बडोद्यात इंग्रजीचे वर्ग पुष्कळ आहेत, पण हा वेगळा ठरतो तो उच्चारांमुळे. सुरुवातीला व्याकरणाला हातच लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मराठी काय, गुजराती काय, लिहिलंय तसं बहुतेक वाचता येतं. इंग्रजीत २६ अक्षरांवर ४४च्या आसपास ध्वनींचा भार आहे. ओ-यू-जी-एच ही अक्षरं 'दो', 'थ्रू', 'टफ' आणि 'कॉफ'मध्ये चार तऱ्हांनी बोलतात. इंग्लंडात छापखाना १४७६ साली आला, स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, उच्चार मात्र पुढेही बदलत राहिले. एवढं समजलं की मुलं स्पेलिंगवरून उच्चार काढायचं सोडतात आणि शब्द आधी ऐकतात.

'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आरसा हातात देऊन करून घेतात. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासत सोडायची. दुसऱ्यात शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ गोल, दात कुठेच लागू द्यायचे नाहीत. आपण दोन्हीकडे मराठी 'व' वापरतो, म्हणून ऐकणारा गोंधळतो.

भूतकाळाच्या ई-डीवर घेतलेली मेहनत तर फारच मोलाची. 'आस्केड' नव्हे, 'आस्क्ट'. क, प, स, च, फ अशा अघोष, म्हणजे गळा न थरथरता येणाऱ्या ध्वनीनंतर 'ट'. ट किंवा ड नंतर 'इड', म्हणून 'वॉन्टिड'. बाकी सगळीकडे नुसता 'ड', जसं 'प्लेड'. आघाताचंही तेच: 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर), 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. सगळे अवयव सारख्याच जोराने म्हटले, तर ओळखीचा शब्दही समोरच्याला लागत नाही.

काळही नीट शिकवतात. 'काल पाहिलंय त्याला' हे मराठीत चालतं, म्हणून 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' तोंडात येतं. यस्टरडे, लास्ट वीक असा संपलेला काळ सांगितला की 'हॅव' गळतो, 'आय सॉ हिम' उरतं.

कमी पडतात ते 'ए' आणि 'द' शिकवताना. 'पहिल्यांदा ए, नंतर द' एवढा एकच नियम देतात. गोष्ट सांगायला तो पुरतो, पण 'द सन' आणि 'गो टू स्कूल' यांचा उलगडा त्याने होत नाही. आधी विचारायला हवं, नाम मोजता येतं का? 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इन्फर्मेशन' यांना 'ए'ही नाही आणि अनेकवचनही नाही. मग दुसरा प्रश्न: कोणतं ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का? हे दोन प्रश्न वर्गात यायलाच हवेत. 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' अशा फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे जोडशब्दाने अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची, लांबलचक यादी एकदम पाठ करायला देणंही चूक. आठवड्याला पाचच द्यावेत, तेही वाक्यात.

आयईएलटीएस ही परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांना एवढ्यावर भागणार नाही. तिथली बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते, मधल्या भागात एक मिनिट तयारी करून दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलावं लागतं. घड्याळ लावून असा सराव इथे होत नाही, तो घरी रोज करावा लागेल.