रिस्टोरेशनच्या नावाखाली आमच्या रॅलेचे अस्सल भाग गेले

जुनी इंग्लिश सायकल कुणाकडे रंगवायला, चमकवायला द्यायची असेल तर आधी हे वाचा. पूर्वीच्या हैदराबाद राज्यात मोडणाऱ्या आपल्या भागात अशा सायकली अजून कितीतरी घरांत पडून आहेत, आणि आता त्यांच्या मागावर माणसं फिरू लागली आहेत.

आमची रॅले आजोबांची. ते जिंतूरकडे गिरदावर, म्हणजे महसुली अधिकारी होते. हैदराबाद राज्य १९५६ ला मोडलं, त्याच्या आधी त्यांनी ती काचीगुड्याहून मीटरगेजच्या गाडीत टाकून परभणीला आणली, असं वडील सांगतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला बनलेली. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा. चढाच्या गिअरवर हा हब गप्प राहतो आणि बाकी दोन्ही गिअरांत बारीक टिकटिक करतो. आमचा शेवटपर्यंत तसाच बोलत होता. या हबच्या कवचावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. मी स्वतः रॉकेलच्या बोळ्याने पुसून वाचलं होतं: एडब्ल्यू, ५४, ११. म्हणजे एडब्ल्यू मॉडेल, नोव्हेंबर १९५४. पुढच्या दातेरी चकतीत बगळ्याची डोकी कापलेली, ती रॅलेची निशाणी. वर ब्रूक्सची चामड्याची सीट, आजोबांच्या बसण्याने बसलेली.

छत्रपती संभाजीनगरच्या एका माणसाच्या कामाचे फोटो मोबाईलवर फिरत होते. फोन केला तर स्वतः घरी आला, वडिलांच्या पाया पडला, सायकलभोवती उकिडवा बसून एकेक नट बघितला. ‘‘सर, असा पीस आता बघायला मिळत नाही, मी जिवापाड जपीन,’’ म्हणाला. १४ हजार ठरले, निम्मे आधी. पावती दिली ती एवढीच: ‘जुनी सायकल १ नग, रिपेअर व कलर’. कुठला हब, कुठली सीट, कुठली चकती, काही नाही. अशी मोघम पावती हेच या लोकांचं हत्यार आहे.

गाडी परत आली ती आरशासारखी. काळंभोर पावडर कोटिंग, सोनेरी रेघांचे स्टिकर. मागच्या चाकात मात्र साधा फ्रीव्हीलचा हब. ‘‘गिअरचा हब जाम होता सर, आतले दात झिजलेले, पार्ट मिळत नाहीत.’’ जुना हब मागितला तर म्हणे भंगारात गेला. जो हब गाडी टेम्पोत चढेपर्यंत टिकटिकत होता, तो जाम कसा झाला? त्यावर फोन कट.

पण खरी हुशारी पुढेच आहे. आमच्या गाडीला चेनच्या वरून नुसती पट्टी होती. त्याने ‘माझ्याकडून भेट’ म्हणून बंद चेनकव्हर बसवून दिलं. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. थोड्याच दिवसांत पॅडल मारताना एक्सल डुगडुगायला लागला, म्हणून गाडी आमच्या ओळखीच्या मिस्त्री चाचांकडे नेली. त्यांनी ते कव्हर उतरवलं आणि आत बाजारातली साधी चकती निघाली. बगळे गायब. कव्हर दिलं होतं ते चकती झाकायला!

चाचांनी बीबी कप, म्हणजे पॅडलचा एक्सल फिरतो त्या सांध्यात फ्रेमला आट्यांनी बसणारी वाटी, काढून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या कडेला पोलादाचे बारीक कीस चिकटलेले. रॅलेच्या त्या सांध्याला इंचाला २६ आटे असतात. याने २४ आटेवाला कप दांडगाईने पिळून बसवला होता. ‘‘भैया, पूरे आटे मार दिये इसने,’’ एवढंच चाचा बोलले. चकती, हब परत मिळतील न मिळतील, पण फ्रेमच्या मूळ आट्यांचा त्याने जो नाश केला, त्याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. सत्तर वर्षं टिकलेली वस्तू ती.

सीटची तऱ्हा तशीच. मागची ब्रूक्सची पितळी पट्टी अस्सल, पण खालून हात घातला तर चामड्याऐवजी कापड लागलं. आमच्याच सीटवरची पट्टी काढून रेक्झीनच्या सीटवर लावलेली.

आमच्याकडे पुरावा राहिला तो खंडेनवमीचा. घरात दरवर्षी सायकलची पूजा होते आणि चुलतभाऊ फोटो काढतो; हळदीकुंकू लावलेले बगळे त्यात स्पष्ट दिसतात. तुमच्याकडे असे फोटो नसतील तर गाडी घराबाहेर पडण्याआधी काढा. हबचा शिक्का, फ्रेमचा नंबर, चकती, क्रँक, सीट वरून आणि खालून. नावनिशी यादी करून त्यावर त्याची सही घ्या आणि बदललेला प्रत्येक तुकडा, गंजका असला तरी, परत हवा असं लिहून घ्या. मूळ रंग थोडाफार शाबूत असेल तर तो खरवडूच देऊ नका. रॉकेल, मऊ फडकं आणि सबुरी, एवढ्यावर पुष्कळ निघतं. नवा रंग केव्हाही मारता येतो.

फसला असाल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, संभाजीनगरला खेटे घालायची गरज नाही. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी परभणीत तक्रार दाखल केली आहे. पोलिसांतही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली अर्ज दिलाय, कारण विश्वासाने सोपवलेली वस्तू लांबवली आहे.

नोटीस गेल्यावर सीट तेवढी कुरियरने आली, पट्टीविना. हब आणि चकती अजून त्याच्याकडे आहेत किंवा विकली गेली. कुणाला ५४–११ शिक्क्याचा, चाळीस छिद्रांचा, तेल घालायच्या टोपणाजवळ पान्याचा आडवा ओरखडा असलेला एडब्ल्यू हब विकायला आला, तर घेण्याआधी विकणाऱ्याला तो कुठल्या गाडीचा आहे ते विचारा आणि त्या ओरखड्याचा फोटो काढून ठेवा.