आर्मीतून निघालेली जिप्सी: आरसीवर २०१५, बंपरवर ०३

लिलावात निघालेली आर्मीची मारुती जिप्सी बघायला गेलात की विकणारा पहिलं वाक्य ठरलेलं टाकतो, "आर्मीची आहे शेठ, मेंटेन गाडी." गाडी कशी चालते ते मी पुढे सांगतोच. आधी ती कुठल्या सालची आणि खरंच आर्मीची का, ते बघू. सगळी गोम तिथेच आहे.

या गाडीला तीन सालं असतात: कारखान्यातून निघाल्याचं, सैन्यात दाखल झाल्याचं आणि लिलावानंतर आरटीओत पासिंग झाल्याचं. पहिली दोन बहुधा जवळजवळ असतात. तिसरं दहा-बारा वर्षं पुढे, आणि डीलर सांगतो ते नेमकं तिसरं. मला एकाने '२००८ मॉडेल' म्हणून चकचकीत जिप्सी दाखवली. बॉनेट उचललं तर आत कार्ब्युरेटर. जिप्सीला २००० साली सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आलं, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं, मग आठच्या गाडीत कार्ब्युरेटर काय करतोय? आरसी मागितली. नोंदणी २००८, उत्पादन १९९७. दोन्ही एकाच कार्डावर छापलेलं. यावर त्याचं उत्तर, "पासिंग आठचं म्हणजे मॉडेल आठचंच धरतात सगळे." मी नाही धरलं, उठलो.

कागद हातात नसला तरी गाडी स्वतःच बरंच बोलते. १९८५ च्या अखेरीस जिप्सी आली ती ९७० सीसीची, चार गिअरची. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर वाढवलं. १९९६ ला जिप्सी किंग आली: १२९८ सीसी, पाच गिअर आणि बॉनेटवर उंचवटा. म्हणजे गिअरच्या मुठीवरचा आकडा, बॉनेट आणि आतलं इंजिन एवढं पाहिलं तरी काळ बऱ्यापैकी कळतो. तिघांचा मेळ बसत नसेल तर एका गाडीत दोन गाड्या आहेत असं समजा. आर्मीच्या वर्कशॉपमध्ये इंजिन बदललेलं असू शकतं, त्यात वावगं काही नाही. पण इंजिनावर ठोकलेला नंबर आरसीशी जुळलाच पाहिजे, नाहीतर ट्रान्स्फरच्या वेळी आरटीओत हेलपाटे ठरलेले.

आता आर्मीच्या नंबरपाटीवरचा बाण. आम्ही नाशिककडचे, देवळालीला तोफखान्याचं स्कूल, त्यामुळे वर तोंड केलेल्या बाणाचे नंबर लहानपणापासून बघत आलोय. बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे सैन्याने गाडी घेतली ते साल. मी घेतलेल्या जिप्सीचा पुढचा बंपर काळा रंगवलेला होता. आमच्या पेंटरने पाणी मारत पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला. वरचा काळा गेला, मग राखाडी प्रायमर, आणि त्याखाली जुन्या काळ्या पट्टीवर पांढऱ्या रंगाचा बाण वर आला. शेजारी ०, मग ३, मग इंग्रजी बी. पुढचे आकडे आधीच कोणीतरी खरवडून काढलेले. पण आरसीवर उत्पादन २००३, पासिंग २०१५, इंजिन एमपीएफआय. मेळ बसला. चेसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतला, तोही आरसीशी अक्षर न अक्षर जुळला. मगच बयाणा दिला.

हिरवा रंग हा मात्र पुरावा नव्हे. उलट बाजारात जी सर्वात हिरवीगार दिसते ती आर्मीत कधी गेलीच नसेल अशी शंका घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, त्यामुळे खरी आर्मीची गाडी रीतसर पासिंग झाली असेल तर वरून दुसऱ्याच रंगाची असणार. हिरवा शोधायचा तो डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली, बिजागऱ्यांच्या फटीत. तसंच गाडीखाली आडवं पडून मागचा डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा, बघा. रात्री दिवे बंद ठेवून ताफा चालतो तेव्हा मागच्या ड्रायव्हरला पुढची गाडी दिसावी म्हणून हा डिफ पांढरा रंगवतात आणि त्यावर छोटा दिवा टाकतात. माझ्या गाडीच्या डिफवरचा चिखल खरवडला तर खाली पांढरा रंग निघाला, दिव्याची पट्टीही जागेवर होती, दिवा गायब. फसवणारा माणूस बॉनेटवर चांदण्या चिकटवतो, डिफ रंगवायला खाली झोपत नाही.

गाडी म्हणून? द्राक्षबागेत पावसाळ्यात जिथे ट्रॅक्टरसुद्धा जपून घालावा लागतो तिथे ही फोर बाय फोर टाकून निवांत निघते. वजन टनाच्या आत आहे, त्याचा हा फायदा. दिंडोरी ते वणी मात्र पाठ बोलायला लागते. चारी चाकांना स्प्रिंगऐवजी लोखंडी पट्ट्यांचे पाटे आहेत, खड्डा थेट मणक्यात जातो. पेट्रोल पिते, दहाच्या वर ॲव्हरेज मला मिळालेलं नाही. आईला मागच्या आडव्या सीटवर एकदा बसवलं. ती आता एसटीने जाते.

माझ्याकडून दहापैकी सात. घरात ही एकच गाडी असणार असेल तर घेऊ नका. दुसरी गाडी म्हणून आणि शेतासाठी घेत असाल तर भाव उत्पादनाच्या सालावर करा आणि लिलावाच्या कागदांची झेरॉक्स आधी मागा. हूड जुनं असेल तर एप्रिलमध्येच नवीन शिवून घ्या. जूनमध्ये ताडपत्रीवाल्याकडे नंबर लागत नाही.